गोष्ट 'मी'नं सांगू की 'ती'नं? ऊसतोडीवरच्या कथेत अडकलोय

धारूरचा_वाटसरू

नमस्कार मंडळी, एका दीर्घकथेत अडकलोय, तुमचं मत हवंय. मी मूळचा बीड जिल्ह्यातला, धारूर तालुका, आता नोकरीमुळे पुण्यात असतो. कथा ऊसतोडीवर आहे. दिवाळी झाली की आमच्याकडची गावं अर्धी रिकामी होतात, कुणी कोल्हापूर सांगलीकडं, कुणी कर्नाटकात, नवराबायको मिळून एक कोयता धरतात, मुकादम आधीच उचल देऊन ठेवतो आणि ती फेडण्यातच हंगाम संपतो. माझी नायिका नववीतली आहे. यंदा तिची शाळा सोडवून तिला सोबत नेतात कारण धाकट्या भावाला सांभाळायला कुणी नाही, आणि पुढं आईची कंबर धरते तेव्हा तिलाच कोयता हातात घ्यावा लागतो.

आधी प्रथमपुरुषात लिहिली, म्हणजे पोरगीच सगळं सांगते. भराभर लिहून झाली पण मग दोन अडचणी आल्या. कथा ज्याच्यावर उभी आहे ते मुकादम आणि बाप यांच्यातलं रात्रीचं बोलणं, तिथं ही पोरगी नाहीच, मग ते वाचकाला कळणार कसं? आणि एका मैत्रिणीनं वाचून सांगितलं की ही नववीतली पोरगी वाटत नाही, पेपरात लेख लिहिणारं कुणीतरी वाटतंय. म्हणून सगळी कथा तृतीयपुरुषात फिरवली. आता पाहिजे ते प्रसंग दाखवता येतात पण सगळंच थंड झालंय, एखादा अहवाल वाचल्यासारखं. सुरुवातीचा तुकडा देतो.

'मी'चा: मुकादम आला तेव्हा मी भाकरी थापत होते. बापानं सतरंजी अंथरली. मुकादमानं पैसे मोजले, बापानं मोजले नाहीत. आईनं माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, उद्यापासून शाळेत जाऊ नको. त्या क्षणी माझ्या बालपणावरच कोयता चालला होता.

'ती'चा: मुकादम आला तेव्हा ती भाकरी थापत होती. बापानं सतरंजी अंथरली. मुकादमानं पैसे मोजले, बापानं मोजले नाहीत. आईनं तिच्याकडं पाहिलं आणि म्हणाली, उद्यापासून शाळेत जाऊ नको. त्या क्षणी तिच्या बालपणावरच कोयता चालला होता.

दुसरं म्हणजे मी पुरुष आहे, पोरीच्या तोंडून 'मी' म्हणायचा मला हक्क आहे का हाही प्रश्न आहेच. काय करावं?

वाचनवेडी

मला विचाराल तर 'मी'च ठेवा. अशा विषयावरच्या बहुतेक कथा बाहेरून बघून लिहिलेल्या असतात, बिचारी पोरगी, बिचारे मजूर, आणि वाचणाऱ्याला दोन मिनिटं वाईट वाटतं आणि संपतं. ती स्वतः बोलली की कीव करायला जागा उरत नाही, तिचं ऐकावं लागतं.

पुरुषानं स्त्रीच्या तोंडून लिहावं का म्हणाल तर मराठीत ते फार जुनं आहे. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' ही १८९० पासून 'करमणूक'मध्ये येत होती, ती सगळी यमूनंच सांगितलेली आहे, लहानपण, लग्न, सासर सगळं. हक्क वगैरे आधी ठरवायचा नसतो हो, लिहून झाल्यावर पोरगी खरी उतरली की नाही एवढंच बघायचं.

मधुकाका

वाटसरू, तुमचा प्रश्न मी की ती असा नाहीच असं मला वाटतं. मी नवीन लिहिणाऱ्यांच्या कथा बरीच वर्षं वाचतोय आणि जवळपास प्रत्येक जण इथंच अडकतो, सर्वनाम बदलून बघतो आणि म्हणतो काहीच फरक पडला नाही. तुमचे दोन तुकडे शेजारी ठेवून बघा ना, एकच तुकडा आहे तो, 'मी' खोडून 'ती' लिहिलंय. निवेदक बदलला की कॅमेरा कुठं आहे, काय दिसतं, कुठलं वाक्य आधी येतं हे सगळं बदलायला पाहिजे, नाहीतर तो बदल नुसता कागदावर.

मला आधी हे सांगा की ही पोरगी गोष्ट कधी सांगतेय? त्याच रात्री? हंगाम संपून गावी आल्यावर? की वीस वर्षांनी, स्वतःची मुलगी नववीत गेल्यावर? प्रथमपुरुषी निवेदनात 'मी' एक नसतो, दोन असतात. एक जिच्यावर ते गुदरलं ती आणि एक जी आता सांगतेय ती. या दोघींमध्ये किती वर्षांचं अंतर आहे ते ठरलं की भाषा आपोआप ठरते. वीस वर्षांनी सांगणारी बाई 'बालपण' हा शब्द वापरू शकते, कारण तेव्हा ते संपलेलं असतं. त्याच रात्री सांगणारी पोरगी वापरूच शकत नाही, तिच्यासाठी ते बालपण नाहीये, तिचं रोजचं जगणं आहे. तुमच्या मैत्रिणीला जे खटकलं ते हेच, तुम्ही प्रसंग त्या रात्रीचा घेतला आणि अक्कल वीस वर्षांनंतरची दिली.

आणि ती कुणाला सांगतेय? शाळेतल्या मैत्रिणीला, बाईंना, की स्वतःलाच? 'बलुतं' (१९७८) आठवा. आत्मकथन आहे, म्हणजे सरळ 'मी' म्हणून सुरू करता आलं असतं, पण तिथं दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतोय अशी बैठक आहे. दोघं एकच माणूस. एक तो सगळा भोग भोगलेला आणि एक शिकून पांढरपेशांत वावरणारा. ऐकणारा समोर बसवल्याबरोबर सांगण्यात एक संकोचही आला आणि एक धारही आली. तुमच्या कथेत ऐकणारं कुणीच नाही म्हणून पोरगी हवेत भाषण केल्यासारखी बोलतेय.

तिसरा रस्ता पण आहे. पोरगी 'मी' नसेल, पण गोष्ट 'मी'चीच असेल. 'बनगरवाडी'त (१९५५) 'मी' हा बाहेरून आलेला तरुण मास्तर आहे, गोष्ट मात्र धनगरांच्या त्या वाडीची आहे. मास्तरला जे कळतं तेवढंच आपल्याला कळतं आणि न कळलेलंही बरंच दिसतं. तुमच्याकडं तोडणीवाल्यांच्या पोरांसाठी साखरशाळा असतात ना कारखान्यावर? तिथला मास्तर किंवा बाई निवेदक करून बघा. तुमची भाषेची अडचण एका झटक्यात सुटेल.

फडातला

काकांचं 'कधी सांगतेय' आणि 'कुणाला सांगतेय' हे पटलं, एकदम पटलं. पण साखरशाळेच्या मास्तराला माझा विरोध आहे.

माझे आईबाप ऊसतोडीला जायचे, मी पण लहानपणी फडातच वाढलोय म्हणून बोलतो. बाहेरचा माणूस निवेदक केला की ती पोरगी पुन्हा बघायची वस्तू होते, मास्तर हळहळणार, वही पेन देणार, शेवटी ती शाळा सोडून जाणार आणि मास्तर तिच्या रिकाम्या जागेकडं बघणार. अशा कथा आम्ही लै वाचल्यात. त्यात दुःख मास्तराचं मोठं होतं आणि पोरगी बारीक होत जाते. बनगरवाडीची गोष्ट वेगळी, तिथं मास्तरच कच्चा आहे, वाडीत काय चालतं ते त्याला शिकावं लागतं, वाडी त्याला शिकवते. तुमचा मास्तर तसा शिकणारा असेल तर करा, कीव करणारा असेल तर नका करू.

आता तुमच्या खऱ्या अडचणीबद्दल. तुम्ही म्हणता मुकादम आणि बाप बोलतात तिथं पोरगी नाही. अहो कोपीला, म्हणजे फडावरच्या आमच्या झोपडीला, भिंत असते का? वर ताडपत्री नाहीतर पाचट, बाजूला कसलंतरी कापड, आत चार माणसं झोपणार आणि बाहेर बोलणारा माणूस हाताच्या अंतरावर. फडावर कुणाचंच बोलणं कुणापासून लपत नाही. शेजारच्या कोपीत नवराबायकोचं भांडण झालं तर सगळ्या टोळीला सकाळी माहीत असतं. ती जागी आहे, भाऊ तिच्या दंडावर झोपलाय म्हणून तिला हलता येत नाही, आणि ती ऐकते. पण अर्धंच ऐकते, कारण मधेच बैल घुंगरं वाजवतो किंवा ट्रॅक्टर जातो. 'अर्धा कोयता' असा शब्द तिच्या कानावर पडतो. तिला हिशोब माहीत आहे, जोडी म्हणजे एक कोयता, एकटा माणूस म्हणजे अर्धा. आईची कंबर गेलीये. मग हा अर्धा कोयता कोण? हे तिनं स्वतः जुळवायचं आणि तिच्या अगोदर एक क्षण वाचकानं जुळवायचं. पूर्ण बोलणं दाखवलंत तर यातलं काहीच शिल्लक राहणार नाही. तिला सगळं माहीत नसणं ही तुमची अडचण नाही दादा, कथेत तीच तर गोष्ट आहे.

तुमच्या तुकड्यातली पहिली चार वाक्यं तिची आहेत आणि चांगली आहेत, बापानं पैसे मोजले नाहीत हे तर फारच खरं आहे, मुकादमासमोर मोजणं म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणं, पुन्हा उचल मिळायची पंचाईत. पाचवं वाक्य तुमचं. ते काढून टाका.

अजून एक, 'आम्ही'चा विचार केलाय का? फडावर 'मी' हा शब्द फार कमी वापरला जातो. आम्ही निघालो, आम्ही गाडी भरली, आम्हाला कारखान्यावर रात्रभर थांबवलं. बेबी कांबळे यांचं 'जिणं आमुचं' वाचा, नावातच आमुचं आहे आणि आत एका बाईची गोष्ट कधी सगळ्या वस्तीची होते कळतच नाही. शिवाय मराठीत आम्ही आणि आपण असे दोन आहेत. पोरगी वाचकाला 'आम्ही' म्हणाली की वाचक बाहेर. मुकादम मजुरांना 'आपण' म्हणतो बघा, 'आपल्याला एवढ्या गाड्या द्यायच्यात'. आपण कसले, तोडणार आम्ही. या एका शब्दावर तुमचा मुकादम उभा राहील.

सई_लिहितेय

मी तृतीयपुरुषाच्या बाजूनं बोलते कारण इथं कुणीच बोलत नाहीये.

थंड वाटतंय त्याचं कारण 'ती' नाही, तुमचा निवेदक लांब उभा आहे हे आहे. 'धग' (१९६०) तृतीयपुरुषातच आहे, कौतिकची गोष्ट निवेदक सांगतो, संवाद वऱ्हाडी आहेत, आणि त्या कादंबरीला कुणी थंड म्हणून दाखवावं. जवळ जायचं तर तृतीयपुरुषातही इतकं जवळ जाता येतं की श्वास ऐकू येतो. सर्वज्ञ निवेदक म्हणजे सगळ्यांच्या मनात शिरलंच पाहिजे असं नाही, एकीच्याच खांद्यावर बसून राहा, तिला दिसेल तेवढंच सांगा.

आणि मराठीत एक सोय आहे जी आपण विसरतो. आपल्याकडं दुसऱ्याचं बोलणं सांगताना मूळ सर्वनाम तसंच ठेवता येतं. 'ती म्हणाली की मी येते' असं आपण सहज म्हणतो, यातला मी म्हणजे सांगणारा नाही, ती. मग निवेदनात पण हे करता येतं, अवतरणचिन्हं न टाकता. उदा. तुमचाच प्रसंग:

मुकादमानं नोटा सतरंजीवर ठेवल्या आणि उडू नयेत म्हणून वर चष्म्याची डबी ठेवली. दादांनी डबी उचलून त्याच्या हातात दिली, नोटा तशाच राहू दिल्या. तव्यावरची भाकरी करपायला लागली होती. माय इकडं का बघतेय? मी काय केलं? उद्यापासून शाळेत जाऊ नको, माय म्हणाली. तिनं भाकरी उलटवली. परवा विज्ञानाची वही तपासायची होती.

बघा, 'ती'ची गोष्ट आहे पण मधेच 'मी काय केलं' येतं आणि कुणालाही अडखळायला होत नाही. मी की ती असं एकच काहीतरी निवडायलाच पाहिजे असं मराठी तुम्हाला सांगतच नाही.

तृतीयपुरुषात आणखी एक गोष्ट ठरवावी लागते आणि ती फार महत्त्वाची आहे. मुकादम आला की मुकादम आले? बाप आला, वडील आले, की दादा आले? निवेदकाला मराठीत तटस्थ राहताच येत नाही, प्रत्येक क्रियापदाला तो कुणाला मान देतो ते दिसतं. पोरीच्या खांद्यावर बसला असाल तर ती बापाला जे म्हणते तेच निवेदकानं म्हणायचं. मी वर मुद्दाम 'दादांनी' लिहिलं आणि मुकादमाला 'त्याच्या हातात'. घरातली माणसं त्याच्या तोंडावर 'या बसा' म्हणतील, पण पोरगी मनात त्याला मान देत नाही, हे एवढ्यात कळतं, वेगळं वाक्य लिहायला लागत नाही. आणि पुढं कधीतरी, बाप अर्ध्या कोयत्याला हो म्हणेल त्या रात्रीनंतर, निवेदकानं एकदाच 'दादा आले'च्या जागी 'बाप आला' म्हटलं तर? 'फडातला' यांनी सांगितलेल्या त्या प्रसंगाचा परिणाम तुम्हाला पानभर लिहिण्यापेक्षा जास्त मिळेल.

'मी'मध्ये हे करता येत नाही असं नाही, पण तिथं ती पोरगी बोलतेय हे सारखं लक्षात राहतं म्हणून तो बदल ठळक होतो, तृतीयपुरुषात तो गुपचूप होतो.

वाचनवेडी

सई, तुकडा मस्त जमलाय, विज्ञानाची वही तर आवडलीच. पण एक सांगते, 'मी'चा जो धोका असतो तो तुमच्यात नाही. 'मी' सांगणारी खोटंही बोलू शकते, लपवू शकते, स्वतःला फसवू शकते. ही पोरगी बापाला वाचवायला बघेल, सांगताना त्याची बाजू घेईल, आणि वाचकाला तिच्या सांगण्यातल्या फटीतून खरं दिसेल. निवेदक बाहेरचा असला की आपण त्याच्यावर विश्वास ठेवतो.

दोन 'मी' घेतले तर? 'कोबाल्ट ब्लू'मध्ये भाऊ आणि बहीण एकाच माणसाबद्दल आपापलं सांगतात. तसं एकदा पोरगी, एकदा माय?

मधुकाका

दोन 'मी' घ्यायचे तर दोघींची भाषा वेगळी हवी, नाव झाकलं तरी कोण बोलतंय ते कळलं पाहिजे. 'मृत्युंजय'मध्ये कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण, कृष्ण असे सगळे आपापली बाजू सांगतात, रचना म्हणून ती भव्यच आहे आणि पिढ्यानपिढ्या लोकांनी वाचलीय, पण भाषा सगळ्यांची जवळपास एकाच उंचीवरची आहे. पुराणातल्या माणसांना ते शोभतं. मायलेकीला शोभणार नाही. आणि दिवाळी अंकाच्या दीर्घकथेत दोघींना पुरेशी जागा मिळणार नाही, मला तरी ते नको वाटतं.

फडातला, मास्तराबद्दल तुमचं म्हणणं मान्य. कोपीच्या भिंतीचं माझ्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं.

धारूरचा_वाटसरू

सगळ्यांचे मनापासून आभार, रात्री हे सगळं पुन्हा पुन्हा वाचलं.

काकांच्या प्रश्नाचं उत्तर शोधत बसलो होतो, ती कुणाला सांगतेय. आणि उत्तर मिळालं असं वाटतंय, ती धाकट्या भावाला सांगतेय. तो तेव्हा दोन वर्षांचा होता, त्याला काहीच आठवत नाही, आता तो कॉलेजला चाललाय आणि बापाबद्दल काहीतरी टोचून बोललाय, त्यावर ती सांगायला बसते. म्हणजे 'मी' राहिला, वय वाढलं, आणि वाचनवेडी म्हणतात तसं बापाची बाजू घेण्याचं कारणही आलं. भावाशी बोलताना ती आपसूक 'आपण' म्हणणार, आपण तेव्हा अमक्या फडावर होतो, आणि जिथं तो झोपलेला होता तिथं 'मी'. कोपीतल्या त्या रात्रीला 'तू माझ्या दंडावर झोपला होतास' हे वाक्य मिळालं. पाचवं वाक्य उडवलं.

सई, तुमचा 'दादा'चा 'बाप' होणं मला सोडवत नाहीये पण भावाशी बोलताना ती 'दादा'च म्हणणार. त्याचं काय करू? आणि बोलीचं काय, सगळं निवेदन आमच्या बोलीत लिहू की फक्त संवाद? आनंद यादवांनी 'गोतावळा' सगळीच्या सगळी बोलीत लिहिली पण तो सांगणारा शेतावरचा गडी होता, माझी पोरगी आता मोठी झालीये, कदाचित शिकली पण असेल.

सई_लिहितेय

भावाला सांगणं ही फार चांगली जागा सापडली! मग माझं सगळं सोडून द्या, तुमची कथा 'मी'चीच आहे. 'बाप' हा शब्द भावाच्या तोंडी द्या ना. टोचून बोलतो तेव्हा तो 'तुझा बाप' म्हणतो, आणि ती शेवटपर्यंत 'दादा' म्हणत राहते. अर्ध्या कोयत्याची रात्र सांगून झाल्यावर पण 'दादा'च. मी सुचवलं होतं त्याच्या बरोबर उलट, आणि मला वाटतं जास्त कठीण, ते वाचकाला गिळताना त्रास होईल आणि व्हायलाच पाहिजे.

फडातला

बोलीचं मी सांगतो. ती शिकली का नाही हे आधी ठरवा. माझ्या मते नसावी, तिची शाळा सुटली ती सुटलीच, भाऊ शिकला तो तिच्या जिवावर. म्हणजे ती बोलीतच बोलणार, आणि भाऊ शहरी बोलणार, दोघांच्या भाषेतच काय झालं ते दिसेल. पण प्रत्येक शब्द मोडून लिहू नका, वाचणारा पुणे मुंबईचा असला तरी त्याला पुढं जाता आलं पाहिजे. म्हनला, व्हतं, तवा, लै, एवढं ठेवा, वाक्याची ठेवण आपली ठेवा, बाकी सरळ लिहा. आई नको, मायच. सतरंजी ठीक आहे पण आमच्याकडं मुकादमाला बाज टाकतात, खाली बसवत नाहीत, तो बाजेवर आणि बाप खाली.

फडातले शब्द म्हणजे मोळी बांधणं, वाढं, गाडी भरणं, खेप, हे बरोबर आलेत का ते बघायला पूर्ण झाल्यावर मला पाठवा, मी माझ्या आईला वाचून दाखवतो, ती सांगेल कुठं चुकतंय ते.